लेव्ही सॅवेज आणि त्याचं कुटुंब : एका मॉर्मन वसाहतकाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेव्ही सॅवेज कोण होता?

अमेरिकेच्या ओहायो राज्यात १८२० साली जन्मलेला आणि १९१० च्या डिसेंबरात दक्षिण युटामधल्या टोकरव्हिल या छोट्या गावात वारलेला शेतकरी. मधल्या नव्वद वर्षांत तो पायी कॅलिफोर्नियापर्यंत गेला, जहाजाने कलकत्ता आणि रंगून गाठलं, पृथ्वीला वळसा घालून घरी परतला आणि परतीच्या वाटेवर मॉर्मन स्थलांतराच्या सर्वांत दुःखद प्रवासात सापडला. त्याने कुठलं मोठं पद भूषवलं नाही. तरीही युटात आजही त्याचं नाव निघतं ते एका दिवसासाठी, १३ ऑगस्ट १८५६ साठी. त्या दिवसाबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

मॉर्मन म्हणजे नेमके कोण?

जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात एक ख्रिस्ती पंथ स्थापन केला. त्याचे अनुयायी ते मॉर्मन. ओहायो, मिसुरी, इलिनॉय असं एकेका राज्यातून त्यांना शेजाऱ्यांनी हुसकावलं. १८४४ मध्ये इलिनॉयच्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने स्मिथला गोळ्या घालून मारलं. दोन वर्षांनी ब्रिगम यंगच्या नेतृत्वाखाली ते पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या युटा राज्यात पोचले. १८६९ मध्ये रेल्वे येईपर्यंत सुमारे ७०,००० माणसं त्या वाटेने गेली.

लेव्ही त्या पहिल्या तांड्यात होता का?

नव्हता. लेव्ही १८४६ साली पंथात आला आणि त्याच उन्हाळ्यात सैन्यात भरती झाला. अमेरिकेचं मेक्सिकोशी युद्ध सुरू होतं. सरकारला माणसं हवी होती आणि निर्वासित झालेल्या मॉर्मनांना पैसा. सुमारे ५०० जणांची 'मॉर्मन बटालियन' उभी राहिली. वर्षभराच्या कपड्यांचा भत्ता प्रत्येकी ४२ डॉलर आगाऊ मिळाला आणि त्यातला बराचसा घरच्यांना व पंथाच्या प्रवासखर्चाला गेला. आयोवातून निघालेली ही पलटण वाळवंटं तुडवत, विहिरी खणत, सुमारे २,००० मैल चालून जानेवारी १८४७ मध्ये सॅन दिएगोला पोचली. लढाईची वेळ आलीच नाही. जुलैत लॉस एंजेलिसला सुटका झाल्यावर लेव्ही त्याच वर्षी युटाच्या खोऱ्यात आला. पुढे वाटेतल्या थंडीविषयी तो जे बोलला, त्यामागे या चालण्याचा अनुभव होता.

आईविना लेकराला सोडून तो आशियात का गेला?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला हा प्रश्न, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेकदा राग असतो. तो मला समजतो.

लेव्हीने १८४८ मध्ये जेन मॅथर्सशी लग्न केलं. १८५१ च्या जानेवारीत मुलगा झाला. त्याचं नावही लेव्हीच, मधलं नाव आईच्या माहेरचं : लेव्ही मॅथर्स सॅवेज. त्याच वर्षाच्या अखेरीस जेन वारली. १८५२ साली पंथाच्या सभेत दूरदेशी धर्मप्रचाराला जाणाऱ्यांची नावं वाचली गेली, त्यात लेव्हीचं नाव होतं. ठिकाण सयाम, म्हणजे आजचं थायलंड. आधी विचारणा नाही, पगार नाही, परतीचा दिवस ठरलेला नाही. 'बोलावणं' आलं की जायचं, ही त्या लोकांची रीत होती. पावणेदोन वर्षांचं लेकरू त्याने आपल्या बहिणीच्या ओटीत टाकलं आणि तो निघाला.

१८५३ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून 'मॉन्सून' नावाच्या जहाजातून तेरा जण निघाले, नऊ हिंदुस्थानासाठी आणि चार सयामसाठी. जवळपास तीन महिन्यांनी ते कलकत्त्याला उतरले. ब्रह्मदेशात इंग्रजांचं दुसरं युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं आणि तिथून सयामला जायची खुष्कीची वाट बंद होती. लेव्ही रंगून आणि मोलमीनला राहिला, ब्रह्मी भाषा शिकायला बसला, पण सयामला कधी पोचलाच नाही. चौघांपैकी एकटा एलम लडिंग्टन बँकॉकपर्यंत गेला. लेव्हीच्या हाताला यश असं फारसं लागलं नाही. आफ्रिकेला वळसा घालून तो १८५६ च्या सुरुवातीला बोस्टनला उतरला. घर अजून अर्ध्या खंडाइतकं दूर होतं.

त्याने मुलाला टाकलं का? आजच्या मोजमापाने हो म्हणावं लागेल. पण त्याच्या मनात ती देवाची आज्ञा होती, आणि लेकरू आत्याकडे म्हणजे घरातच होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

या मिशनचा मुंबई-पुण्याशी काही संबंध आला का?

आला. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्येच मुंबईत आला होता. तिथून तो पुण्याला गेला. लष्करी अधिकाऱ्यांनी कॅन्टोन्मेंटमध्ये प्रवचनं करायला मनाई केली, तरी मूठभर लोकांची एक शाखा पुण्यात उभी राहिली. त्यात मुख्यतः लष्कराशी संबंधित युरोपीय माणसं होती. मराठी माणसांना उद्देशून लिहिलेली एक पुस्तिकाही त्याने १८५५ मध्ये मुंबईत छापली. त्याच सुमारास हे सगळे मिशनरी परत गेले आणि तो अध्याय मिटला. लेव्ही स्वतः महाराष्ट्रात आल्याची नोंद नाही.

हातगाड्या कशासाठी? बैलगाड्या का नाहीत?

पैसा. ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियात पंथात आलेले लोक गिरणीकामगार, खाणकामगार, शेतमजूर होते. बैल आणि मोठी गाडी घेणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं. मग ब्रिगम यंगने ठरवलं की आयोवापर्यंत आगगाडीने यायचं आणि पुढचे तेराशे मैल दोन चाकांची हातगाडी ओढत चालायचं. १८५६ साली लिव्हरपूलपासून सॉल्ट लेकपर्यंत प्रौढ माणसाचा खर्च ९ पौंड ठरला होता. एका गाडीमागे पाच माणसं, प्रत्येकाला अंथरूण-पांघरूण-कपडे मिळून १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलो. एका तंबूत वीस जण. आपलं सगळं घर पावणेआठ किलोत बसवायचं म्हणजे काय टाकून द्यावं लागलं असेल, ते ज्याचं त्याने ठरवून पाहावं.

१८५६ ते १८६० मध्ये असे दहा तांडे गेले, जवळपास ३,००० माणसं. आठ तांडे बऱ्यापैकी सुखरूप पोचले. संकट ओढवलं ते १८५६ च्या शेवटच्या दोघांवर, जेम्स विली आणि एडवर्ड मार्टिन यांच्या तांड्यांवर. लेव्ही विलीच्या तांड्यात होता, शंभर जणांच्या एका तुकडीचा प्रमुख म्हणून.

१३ ऑगस्टला काय घडलं?

विलीच्या तांड्याला सुरुवातीपासूनच उशीर झाला होता. लिव्हरपूलहून जहाज ४ मे रोजी सुटलं. आयोवा सिटीला पोचल्यावर गाड्याच तयार नव्हत्या. घाईघाईने ओल्या लाकडाच्या गाड्या बनवल्या, आणि ओलं लाकूड कोरड्या हवेत आकसतं, चाकं निखळतात. १५ जुलैला सुमारे ५०० माणसं आणि १२० हातगाड्या निघाल्या. आज ओमाहा शहराचा भाग असलेल्या फ्लॉरेन्स या शेवटच्या मुक्कामाला पोचेतो ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला. पुढे हजार मैल आणि रॉकी पर्वत.

सभा भरली. प्रश्न एकच : हिवाळा इथेच काढायचा की निघायचं? युटाची वाट आधी तुडवलेले जे मोजके लोक होते, ते निघायच्या बाजूने बोलले. देव वादळ थोपवून धरील, असंही सांगितलं गेलं. लेव्हीला बोलायला सांगितलं, तेव्हा त्याने आधीच बजावलं की बोललो तर मनातलं बोलेन, मग ते कुणाला लागो. रोजनिशीत त्याने त्याचा सारांश लिहून ठेवला आहे : गुडघाभर बर्फ तुडवावा लागेल, रात्री बर्फ उपसून गोठलेल्या जमिनीवर पातळ पांघरुणात झोपावं लागेल. तांड्यातल्या जॉन चिस्लेटच्या आठवणीनुसार, म्हातारे, बायका आणि लहान मुलं घेऊन इतक्या उशिरा निघालो तर हाल, आजारपण आणि मृत्यू टळणार नाहीत, असंही तो म्हणाला, आणि हे सांगताना लेव्हीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बहुमत निघायच्या बाजूने झालं. शंभरेक जण फ्लॉरेन्सलाच थांबले, बाकीचे निघाले. विलीने लेव्हीला सर्वांसमोर बोल लावले. त्यावर लेव्ही जे बोलला ते चिस्लेटने नोंदवलं आहे. त्याचा आशय असा : मी सांगितलं ते खरं आहे हे मला माहीत आहे, पण तुम्ही निघणारच असाल तर मी तुमच्याबरोबर येईन, तुमच्याबरोबर राबेन, सोसेन आणि वेळ आली तर तुमच्याबरोबर मरेन.

तो थांबला असता तर कोणी अडवलं नसतं. एकटा, धडधाकट माणूस. वाटल्यास घोड्यावरून पुढे जाऊन लवकर मुलाला भेटू शकला असता. तो हातगाड्यांबरोबर गेला. मला या माणसाबद्दल लिहावंसं वाटतं ते यामुळे.

मग वाटेत काय झालं?

सप्टेंबरच्या सुरुवातीला नेब्रास्काच्या मैदानात एका रात्री तीसेक जनावरं पळाली आणि सापडली नाहीत. बैल कमी झाले म्हणून पिठाची पोती हातगाड्यांवर चढवावी लागली. १२ सप्टेंबरला पंथाचे वरिष्ठ नेते फ्रँकलिन रिचर्ड्स हलक्या घोडागाड्यांतून मागून आले. लेव्हीच्या 'अविश्वासा'ची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, त्यांनी दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर त्याला फटकारलं. चिस्लेट लिहितो की या पाहुण्यांना मांस हवं होतं म्हणून तांड्याने आपलं सर्वांत पोसलेलं वासरू कापून दिलं.

पिठाचा वाटा कमी होत होत माणशी दिवसाला दहा औंसांवर आला, म्हणजे जेमतेम पावशेराहून थोडा जास्त. तेवढ्यावर दिवसभर गाडी ओढायची. १९ ऑक्टोबरला पहिला बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी विली आणि एक सोबती मदत शोधायला पुढे गेले. सॉल्ट लेकला ब्रिगम यंगला ही माणसं अजून वाटेत आहेत हे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच कळलं होतं. ५ ऑक्टोबरच्या सभेत त्याने बाकी सगळं बाजूला ठेवून माणसं, खेचरं आणि पीठ मागितलं. दोन दिवसांत पहिल्या गाड्या निघाल्या आणि २१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्या विलीच्या तळावर पोचल्या.

पण सर्वांत वाईट दिवस मदत आल्यानंतरचा. २३ ऑक्टोबरला रॉकी रिज नावाचा खडकाळ चढ हिमवादळात चढायचा होता. शेवटची माणसं पुढच्या तळावर पोचली तेव्हा पहाट होत आली होती. लेव्हीची त्या दिवसाची नोंद : छोट्या शेकोट्यांभोवती कुडकुडत बसलेली माणसं, मागे राहिलेल्यांना आणायला गेलेल्या गाड्या उजाडायच्या आधी परतल्या, त्यांत काही गोठलेले, काही मरणपंथाला लागलेले, काही मेलेले, आणि आईसाठी रडणारी मुलं व मुलांसाठी रडणाऱ्या आया. रॉक क्रीकच्या काठी तेरा जणांना एका खड्ड्यात पुरलं. त्याच दिवशी आणखी दोघे गेले.

९ नोव्हेंबरला तांडा सॉल्ट लेकला पोचला. जवळपास ७० जण वाटेत मेले होते. मागून येणाऱ्या मार्टिनच्या तांड्यात त्याहून कितीतरी जास्त. लेव्हीचा मुलगा तोवर सहाव्या वर्षात होता. बापाला तो ओळखणं शक्यच नव्हतं.

ज्यांनी निघायचा आग्रह धरला, त्यांचं काय झालं?

ब्रिगम यंगने जाहीर सभेत इतक्या उशिरा तांडे पाठवणाऱ्यांवर संताप व्यक्त केला. पुढच्या वर्षांत निघण्याची वेळ पाळली गेली आणि असं संकट परत आलं नाही. लेव्हीने 'मी म्हणत नव्हतो का' असं म्हटल्याची एकही नोंद माझ्या वाचनात नाही.

ॲन कूपर कोण?

लेव्हीची दुसरी बायको, आणि माझ्या मते या कुटुंबातली सर्वांत चिवट व्यक्ती. ती त्याच विली तांड्यातली इंग्लिश बाई, पंचेचाळिशीची, बरोबर मेरी ॲन आणि ॲडलेड या दोन लहान मुली, नवरा नाही. धडधाकट पुरुष ज्या वाटेवर कोसळले, त्या वाटेने ही बाई दोन्ही मुलींना जिवंत घेऊन पोचली. १८५८ मध्ये लेव्हीने तिच्याशी लग्न केलं. ती त्याच्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठी होती. लेव्हीच्या मुलाला आई मिळाली आणि तिच्या मुलींना घर.

त्याने सावत्र मुलींशीच लग्न केलं हे खरं आहे का?

खरं आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीस मेरी ॲन आणि ॲडलेड दोघींशी त्याचं लग्न लागलं. पुढचा वंश त्यांच्यापासून वाढला.

बहुपत्नीत्व हा तेव्हा पंथाचा उघड भाग होता. १८५२ साली ते जाहीर झालं, १८९० मध्ये पंथाने ते अधिकृतपणे थांबवलं. मधल्या काळात, विशेषतः १८८२ च्या एडमंड्स कायद्यानंतर, सरकारने हजाराहून अधिक पुरुषांना शिक्षा केल्या. दक्षिण युटातली गावं मार्शल, म्हणजे अटक करणारे सरकारी अधिकारी, आल्याची बातमी लागली की रिकामी होत. विधवा आई आणि तिच्या मुलींनी एकाच माणसाशी लग्न करणं त्या समाजात अधूनमधून घडत होतं, आणि त्याचं समर्थन 'निराधारांना आधार' असं केलं जाई. मी ते समर्थन इथे नोंदवतो, स्वीकारत नाही. ज्या माणसाने तुम्हाला लहानपणापासून वाढवलं, त्याला 'नाही' म्हणायची मोकळीक त्या दोघींना कितपत होती? लेव्हीचा फ्लॉरेन्सचा दिवस मला जितका मोठा वाटतो, तितकीच ही गोष्ट सलते. एक सांगताना दुसरी झाकायची नाही, एवढं मी पाळतो.

टोकरव्हिलमधलं रोजचं जगणं कसं होतं?

दक्षिण युटाचा हा भाग उष्ण, लाल खडकांचा. वर्षाला पाऊस थोडा, आणि आला की सगळं वाहून नेणारा. टोकरव्हिल १८५८ मध्ये वसलं. ॲश क्रीकचं आणि झऱ्यांचं पाणी पाटाने आणून ते टिकलं. या सगळ्या प्रदेशात जगण्याचा कणा म्हणजे पाट. तो कोणा एकाचा नसे. सगळ्यांनी मिळून खणायचा, गाळ काढायचा, आणि ठरलेल्या पाळीने पाणी घ्यायचं. पाळी मध्यरात्री आली तर कंदील घेऊन मध्यरात्री शेतात. त्यासाठी गावाने नेमलेला पाटकरी असे आणि भांडणंही पाण्यावरूनच होत.

१८६१ मध्ये ब्रिगम यंगने तीनशेहून अधिक कुटुंबांना याच भागात कापूस पिकवायला धाडलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं आणि दक्षिणेचा कापूस बंद झाला होता. कापसामुळे या भागाला अमेरिकेच्या दक्षिणेचंच टोपणनाव मिळालं, 'डिक्सी'. त्याच हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे पाऊस कोसळला. व्हर्जिन आणि सांता क्लारा नद्यांनी शेतं, किल्ले, घरं खरवडून नेली. कापूस पुढे फारसा परवडला नाही, पण टोकरव्हिलची फळबाग जमली : अंजीर, द्राक्षं, पीच, बदाम. द्राक्षांची दारूही होत असे, आणि पंथाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा काही जण दारूच्या रूपात देत. नंतरच्या काळात पंथाने दारूवर कडक बंदी आणली, त्यामुळे वाचणाऱ्यांना याचं नवल वाटतं.

बायकांच्या कामाला मात्र नोंदवह्यांत जागा नाही. फळं सुकवणं, साबण करणं, कातणं-विणणं, बाळंतपणं, आणि पुरुष मिशनवर किंवा लपून असताना पाण्याची पाळी सांभाळणं, हे सगळं त्यांच्याकडेच.

ती जमीन आधी कोणाची होती?

पायूट लोकांची. टोकरव्हिल हे नावच टोकर या पायूट प्रमुखावरून आलं आहे. हे लोक ॲश क्रीक आणि सांता क्लाराच्या काठी मॉर्मन येण्याआधीपासून मका पिकवत होते, तेही पाणी वळवून. वसाहतकारांनी नेमक्या त्याच जागा घेतल्या, कारण त्या वाळवंटात पाणी आणि माती एकत्र सापडते ती तिथेच. गुरांनी गवताचं बी खाल्लं, आणि तेच पायूटांचं अन्न होतं. रोगराई आणि उपासमारीने त्यांची संख्या झपाट्याने घटली. लेव्हीच्या कुटुंबाचं घर ज्या पाण्यावर उभं राहिलं, ते कोणाच्या तरी तोंडचं पाणी होतं.

मुलाचं, धाकट्या लेव्हीचं पुढे काय झालं?

तोही वसाहतकारच झाला. १८७० च्या दशकात मॉर्मन ॲरिझोनात लिटल कोलोरॅडो नदीकाठी पसरले, त्यांत तो होता. वुड्रफ नावाच्या गावचा तो अनेक वर्षं बिशप होता, म्हणजे गावचा धर्मप्रमुख आणि व्यवहारात गावचा कारभारीही. वुड्रफची ओळख एकच, बांध. गाळाने भरलेल्या त्या नदीवर गावाने बांध घालायचा, पुराने तो न्यायचा, गावाने परत घालायचा. चाळीसेक वर्षांत डझनाच्या आसपास वेळा हे झालं. शेजारची सनसेट, ओबेड यांसारखी गावं उठून गेली, वुड्रफ राहिलं. ज्याला बापाने पावणेदोन वर्षांचा असताना सोडलं होतं, तो एकाच जागी असा रुतून बसला.

लेव्हीची कबर पाहता येते का?

हो, टोकरव्हिलच्या दफनभूमीत. वायोमिंगमध्ये रॉकी रिज आणि रॉक क्रीक इथेही स्मारकं आहेत. दर उन्हाळ्यात तरुण मॉर्मन मुलं-मुली तिथे हातगाड्या ओढत जातात. ऑगस्टच्या उन्हात जाल तर तो चढ साधाच वाटेल. वाऱ्याकडे पाठ करून थोडा वेळ थांबा, मग तिथे आडोसा म्हणून काहीच नाही हे लक्षात येईल.